उत्तर चुकल्यास, न रागावता

सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांना गिझर दुरुस्त करायला लावला. यात त्यांची काही चूक नव्हती.

नागावला आमची नारळ-पोफळीची वाडी आहे आणि वाडीत पाच खोल्यांचा होमस्टे. शनिवारची सकाळ, पाचही खोल्या भरलेल्या आणि तीन नंबरच्या बाथरूममध्ये गरम पाणी नाही. आत एक आजोबा टॉवेल गुंडाळून माझ्या सात पिढ्यांची चौकशी करत होते. अलिबागहून येणाऱ्या गिझरवाल्याची वाट बघत मी फाटकाला टेकलो, तर एक किडकिडीत गृहस्थ पिशवी घेऊन आत शिरले. मी त्यांचा हात धरला, थेट तीन नंबरमध्ये नेलं, "हा बघा, कालपासून बंद," म्हणालो आणि पोह्यांकडे पळालो.

अर्ध्या तासाने आलो तेव्हा गृहस्थांनी गिझरला हातसुद्धा लावलेला नव्हता. ते वायरीच्या मागे मागे चालत होते. गिझर ते मीटर या वाटेच्या बरोबर मध्यावर थांबायचं, तिथे वीज आहे का बघायचं. असेल तर बिघाड पुढे, नसेल तर मागे. उरलेल्या वाटेचा पुन्हा मध्य. अशा चार थांब्यांत ते आमच्या कोठीत, सोललेल्या नारळांच्या पोत्यामागे पोचले. तिथलं बटण बंद होतं. आदल्या दिवशी वीज वाचवायच्या भरात ते मीच बंद केलं होतं. मी बटण दाबलं, आजोबांचा शाप मागे घेतला गेला आणि मी विचारलं, "तुमचे किती झाले?"

"मी खोली बघायला आलोय," ते म्हणाले. "भाड्याने. इथल्या हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवायला लागलोय."

त्या दिवसापासून वाडीतली मागची खोली सरांची झाली. ती पुढली तीन वर्षं.

सर घाटावरचे, तेही पार आतले. समुद्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो आमच्या वाडीच्या मागच्या बेड्यातून, कुंपणातल्या वाटेतून. बराच वेळ बघून म्हणाले, "हा रोज असाच येतो-जातो? कोणी न सांगता?" मी म्हटलं, हो. मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. पन्नास वर्षं ज्याच्या आवाजात झोपलो, त्याला कोणी कामावर ठेवलंय का, असा विचार मी कधी केला नव्हता.

शाळेत आठ कॉम्प्युटर होते. म्हणजे खोकी आठ होती. खाऱ्या हवेने आतलं सगळं कधीच खाल्लं होतं. एका खोक्यामागे मांजरीने संसार थाटलेला. शिपाई ओशाळला, पण सर खूश झाले. "बरं झालं. आधी विचार, मग वीज," म्हणाले, खोलीला परत कुलूप घातलं आणि नववीच्या वर्गाला घेऊन किनाऱ्यावर गेले. गुरुवारचा शेवटचा तास तेव्हापासून वाळूत भरू लागला.

माझी मुलगी त्या वर्गात होती. जेवताना ती सांगायची, कॉम्प्युटर म्हणजे खोकं नाही, विचार करायची रीत आहे. मोठं काम पुढ्यात आलं की त्याचे तुकडे करायचे. कुठला तुकडा आधी कुठे भेटलाय का ते आठवायचं. जे लागत नाही ते टाकून द्यायचं. आणि मग पायऱ्या अशा लिहायच्या की ज्याला काहीच कळत नाही त्यालाही त्या करता याव्यात. "ज्याला काहीच कळत नाही त्याला" म्हणताना ती माझ्याकडे बघायची.

टाकून देण्याचा धडा मी स्वतःही घेतलाय. होमस्टेला यायचा रस्ता फोनवर सांगताना मी आधी गावाचा इतिहास सांगायचो, मग देवळाचा, मग वाटेत आमच्या चुलत्यांची वाडी लागते पण तिकडे वळू नका, का वळू नका, वगैरे. माझे निम्मे पाहुणे नागावऐवजी चौलला जाऊन पोचत आणि तिथून मला फोन करत. सर एकदा ओट्यावर बसून माझा असा एक फोन ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद दिला. तीन ओळी. एसटी थांबा, डावीकडचा पार, निळं फाटक. मी म्हटलं, यात चुलते नाहीत. "पाहुण्यांना चुलत्यांकडे जायचंय का?" एवढंच विचारलं त्यांनी. तेव्हापासून पाहुणे वेळेवर येतात आणि मला बोलायला कोणी उरलेलं नाही.

एक होतं, सर कुणाला हसत नसत. आमच्या हिने वालाचं बिरडं केलं तेव्हा ते वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि एकेक पायरी लिहून घेऊ लागले. वाल किती वेळ भिजवले, मोड किती आले, खोबरं कधी. मीठ आलं तेव्हा ही म्हणाली, चवीनुसार. सरांनी पेन थांबवलं. "वहिनी, चवीनुसार म्हणजे किती?" हिला वाटलं, माणूस खोड काढतोय. म्हणाली, "ते जीभ सांगते." सर गंभीरपणे वहीत बघत राहिले आणि त्या पायरीखाली त्यांनी रेघ मारली. "इथे यंत्र संपतं," असं स्वतःशीच म्हणाले. मग दोनदा वाढून घेतलं.

किनाऱ्यावरचा एक तास मी पाहिलाय. नुसता आठवला तरी अजून गुंगायला होतं. हिवाळ्यातली चार-साडेचारची वेळ, ओल्या वाळूत आकाश उतरलेलं, आणि त्या आकाशावर नववीची चाळीस मुलं एका रांगेत, कशीही उभी. उंचीप्रमाणे लागायचं, पण नियम एकच: फक्त शेजाऱ्याकडे बघायचं. तो आपल्यापेक्षा बुटका आणि पुढे असेल तर जागा बदलायची, नाहीतर उभं राहायचं. सबंध रांगेकडे कोणी बघायचं नाही. बोलायचंही नाही. सर टाळी वाजवत, मुलं सरकत. टाळी, सरकणं. टाळी, सरकणं. आधी नुसता गोंधळ दिसत होता. मग कधी कोण जाणे, उंच मुलं एका टोकाला वाहत गेली, बुटकी दुसऱ्या टोकाला, आणि रांग एका लांब उतरत्या लाटेसारखी झाली. कोणालाच पूर्ण रांग ठाऊक नव्हती आणि तरी ती लागली. बनाना बोटीवरचे पर्यटक ओरडायचे थांबून बघत होते. एक बाई मला विचारून गेल्या, ही कुठल्या पंथाची प्रार्थना आहे. मी हो म्हणालो.

पण सरांचं खरं वेड म्हणजे चपला काढणं. चपला पायात असल्या की सर; काढल्या की यंत्र. यंत्राला मुलांनी हुकूम सोडायचे आणि यंत्र अक्षरशः तेवढंच करणार. "दार उघडा" म्हटलं की ते वर्गाची दोन्ही दारं, कपाटाची दारं, सगळी उघडत सुटत. "फळा पुसा" म्हटलं की हातानेच पुसत, कारण डस्टर कोणी सांगितलेलं नसे. "आज्ञाधारक असणं आणि समजूतदार असणं यांत फरक आहे," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते ऐकून मुलांनी घरी आईबापांना नकोसं करून सोडलं होतं.

त्या गुरुवारी सरांनी वाळूत चपला काढल्या. हुकमांचे शब्द आधीच ठरलेले होते: एक पाऊल टाका, अमुक दिशेला वळा, पुन्हा करा, अमुक होईपर्यंत पुन्हा करा, थांबा. एका मुलाने त्यांना समुद्राकडे वळवलं आणि सांगितलं, एक पाऊल टाका, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. सर निघाले. घोट्यापर्यंत पाणी, गुडघ्यापर्यंत. मुलं हसत होती. कमरेपर्यंत आलं तेव्हा निम्मी हसायची थांबली. छातीशी आलं तेव्हा सगळी ओरडू लागली: सर, परत या, सर, वेडेपणा करू नका, सर, प्लीज. यंत्राला यातला एकही शब्द ठाऊक नव्हता. सर चालत राहिले. एक लाट चष्म्यावरून गेली. शेवटी माझी मुलगी पाण्यात धावली आणि तिने तो शब्द ओरडून सांगितला, "थांबा."

सर थांबले. गळ्यापर्यंत पाण्यात, तसेच, पाठमोरे. वळायचं कोणी सांगितलं नव्हतं. मग रडवेल्या आवाजात तिनेच सांगितलं, मागे वळा, एक पाऊल टाका, कोरडी वाळू लागेपर्यंत पुन्हा करा. सर निथळत बाहेर आले, चपला घातल्या, आणि म्हणाले, "सुरू करायला सगळ्यांना येतं. कधी थांबायचं ते आधी लिहा."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मास्तर पोरांदेखत जीव द्यायला निघाला होता.

आमच्या शाळेचे अध्यक्ष म्हणजे चाचा. चौलकडचं जुनं व्यापारी घराणं, वीस वर्षं आखातात काढून परत आलेले, आता सिमेंट-पत्र्यांचा धंदा. सगळा गाव त्यांना चाचाच म्हणतो. त्यांनी समितीची बैठक बोलावली. पालकांतर्फे समितीवर मी होतो, कारण पालकसभेला त्या दिवशी मी एकटाच वेळेवर गेलो होतो. चाचा म्हणाले, "मास्तर बुडाला असता तं पोरांच्या डोळ्यांना जल्मभर तेच दिसलं असतं. याची जिम्मेदारी कोन घेनार?" कोणी घेईना. कॉम्प्युटर बंद आहेत, तर कॉम्प्युटरचा तास तरी कशाला, असा ठराव लिहिला गेला. महिनाअखेर तास बंद, म्हणजे सरही बंद. ते त्या तासावरच नेमलेले होते. रजिस्टर माझ्यापुढे आलं. माझी मुलगी त्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात होती, हे मला सारखं दिसत होतं. शिवाय चाचा माझ्याकडे बघत होते. मी सही केली, पाहुणे यायचेत असं पुटपुटलो, आणि मागच्या दाराने घरी आलो. सरांच्या खोलीत दिवा होता. मी पोफळींमागून वळसा घालून गेलो.

सरांनी त्याच संध्याकाळी चाचांची गाठ घेतली, हे मला नंतर कळलं. माफी मागितली नाही, तक्रारही केली नाही. म्हणाले, मुलांना एक काम द्या, ते जमलं नाही तर मी जातो. चाचा व्यापारी माणूस. त्यांची मुलगी मुंबईत असते, ते तिच्याकडे रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जातात. ओहोटीला रेवसच्या धक्क्याशी गाळ उघडा पडतो आणि लाँच लागत नाही. दर वेळी फोनाफोनी, दर वेळी खोळंबा. चाचा म्हणाले, लाँच कधी लागेल ते पोरांनी कागदावर सांगावं. "त्या कागदावर मी जाईन. गेल्या गेल्या लाँच लागली तं मास्तर ऱ्हाईल."

किनाऱ्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला ठाऊक असतं की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मुलांना ते आज्या-आजोबांकडून ऐकून पाठ होतं. पण सरांनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते वाळूत मटकन बसले होते. "अरे, हा तर लिहून ठेवलेला प्रोग्रॅम आहे. शेकडो वर्षं चालू आहे, आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?" आता वर्गाने तीन आठवडे तेच धरलं. रोज भरती बघायची, लिहायची, ताडून बघायची. वारा टाकला, लाँचचा रंग टाकला, तिकीट टाकलं. शेवटी माझ्या मुलीच्या अक्षरात एक कागद झाला. आज चंद्राची कितवी तारीख ते घ्या. तिला तीनने गुणा, चारने भागा. ही भरतीची वेळ. त्याच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत लाँच लागेल. आणि तळाशी, सरांच्या हट्टाने: उत्तर चुकल्यास वरून पुन्हा वाचा, न रागावता.

परीक्षेच्या दिवशी चाचांना रेवसला सोडायचं काम माझ्याकडे आलं. माझी गाडी रिकामी होती, आणि मनात असं की निदान एवढं तरी सरांसाठी करावं. चाचांच्या दुकानात मी कागद वाचून दाखवला. चंद्राची कितवी तारीख? चाचा मान वर न करता म्हणाले, "सहा." मी लिहिलं, सहा. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे अडीचपासून लाँच. सकाळी आमच्या घरी हिचा अष्टमीचा उपास होता. साबुदाण्याची खिचडी मी दोनदा घेतली होती. तरी लिहिलं, सहा.

बरोबर अडीचला आम्ही रेवसच्या धक्क्यावर उभे होतो. धक्क्याखाली काळा, चकाकणारा गाळ, आणि लांब पाण्यात लाँच, चित्रात काढल्यासारखी. मला धक्क्यावरून उडी मारावीशी वाटली, पण खाली पाणी नव्हतं.

चाचांनी घड्याळ बघितलं. रुमाल पसरून पायरीवर बसले. मीही बसलो. गाळात निवट्या मासळ्या टुणकन उड्या मारत होत्या, बगळे पाय मोजून टाकत होते. उन्हाने पाणी आणि आकाश यांच्यामधली रेघ पुसून टाकली होती. वेळ कुठे चालला होता कोण जाणे. मला समोर सरांची खोली दिसत होती, रिकामी, आणि दारात कोणाच्या तरी नव्या चपला. बऱ्याच वेळाने चाचांनी कागद मागितला. तळची ओळ मोठ्याने वाचली. "न रागावता," पुन्हा म्हणाले, आणि पहिल्यांदाच थोडे हसले. मग बोट वर नेलं, पहिल्या पायरीवर.

"तुमच्यात आज काय हाय?"

"अष्टमी," मी म्हणालो, आणि खिचडी घशाशी आली.

"आमच्यात सहा. आमचा महिना चाँद दिसल्यावर चालू व्हतो. चंद्र येकच, तारखा दोन." ते माझ्याकडे बघत राहिले. "आनि तुमी अष्टमी घरी ठेवून आलात?"

चाचांनी माझ्या खिशातलं पेन काढलं, कागद गुडघ्यावर ठेवला, आठाची पाऊणपट सहा, दोन तास आधी चार, असं हळूहळू मांडलं. पहिल्या पायरीशेजारी बारीक अक्षरात लिहिलं: चाँदची तारीख असल्यास एक किंवा दोन मिळवा, चाँद कधी दिसला ते विचारून. लिहून झाल्यावर ते हाताच्या अंतरावर धरून बघितलं. नवा माल तपासतात तसं.

पाणी आलं ते आवाज न करता आलं. आधी गाळावर एक चकाकी, मग गाळ नाहीच. चारला लाँच हलली आणि धक्क्याला लागली. चाचा उठले, रुमाल झटकला, कागद माझ्या हातात दिला.

"कागदात खोट न्हाय. येक पायरी कमी व्हती. मास्तरला सांगा, पुढल्या खेपेला मला नीट लिवून पायजे."

"आणि ठराव?" मी विचारलं.

"कुठला ठराव?" म्हणत ते लाँचमध्ये चढले.

मी गाडी कशी चालवली आठवत नाही. सर विहिरीपाशी कपडे धूत होते. मी धापा टाकत सांगितलं की तुम्ही राहिलात, तास राहिला. त्यांनी ते ऐकलंसं दिसलं नाही. त्यांनी विचारलं, "कागद कितव्या पायरीवर चुकला?" मी म्हटलं, पहिल्या. त्यांनी डोळे मिटले. "वा," म्हणाले. "चंद्र एक आहे, एवढंच आम्ही बघितलं." आणि ओला सदरा पिळायचा विसरून तसाच दोरीवर टाकला. त्याचं पाणी बराच वेळ माझ्या पायांवर पडत होतं.

मग दोन वर्षं तास वाळूत भरत राहिला. चाचा मधूनमधून येऊन मागे उभे राहत. कधी हुकूमही सोडत. यंदा मे महिन्यात सरांना त्यांच्या गावाकडे कायमची नोकरी लागली. आई थकलीय, म्हणाले. एसटी थांब्यावर मी त्यांना पोचवायला गेलो. रजिस्टरातली ती सही माझ्या छातीत दोन वर्षं बसून होती. सांगून टाकायचं ठरवलं होतं. तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा उकाड्याबद्दल बोललो, दुसऱ्यांदा पनवेलच्या वाहतुकीबद्दल, तिसऱ्यांदा गाडीच आली. सर खिडकीतून हात हलवत गेले. थांब्यावर मी, डावीकडचा पार आणि नंतर निळं फाटक.

घरी आलो. ही ओट्यावर सुपाऱ्या निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं: बैठक, रजिस्टर, मागचं दार, आणि त्यांच्यासमोर गप्प राहिलेली ही सगळी वर्षं. म्हटलं, इतका भला माणूस, आणि त्याला शेवटपर्यंत कळलं नाही की त्याला घालवायच्या कागदावर घरमालकाची सही होती.

हिने सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "त्यांना कळलं होतं. ठरावाची प्रत त्यांच्याच हातात दिली होती, खाली सगळ्यांच्या सह्या. त्याच दिवशी मला येऊन म्हणाले, 'वहिनी, मला ठाऊक आहे हे दादांना कळू देऊ नका. त्यांना रोज माझ्या दारावरून जायचं असतं.'"